फिलिंग झालं, पॉलिशचं काय? एका चांदीवाल्याचा अभिप्राय

एका दातासाठी दोन दवाखाने केले, दोन्हींची नावं लिहीत नाही. पहिल्याचं लिहिलं तर भांडण, दुसऱ्याचं लिहिलं तर जाहिरात. काम कसं झालं तेवढं सांगतो.

माझं नाशिकला सराफ बाजारात चांदीच्या भांड्यांना उजाळा देण्याचं दुकान आहे. समया, निरांजनं, ताम्हणं, लग्नात आलेली आणि वीस वर्षं कपाटात काळी पडलेली ताटं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, एक बफची (चमक काढायच्या कापडी चाकाची) मोटर आणि एक नळ. गोदावरीचं पाणी चढायला लागलं की आधी मोटर माळ्यावर टाकायची आणि मग नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलंय ते विचारायचं. हे सांगायचं कारण एवढंच की पॉलिश हा माझा पोटापाण्याचा विषय आहे. पुढे मी जरा जास्त बोललो तर समजून घ्या.

दाताची गोष्ट 2023 च्या दिवाळीतली. बारीक तार दातात धरून ताणायची मला लहानपणापासूनची खोड. नाना, म्हणजे माझे वडील, त्यावरून कायम बोलायचे. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी तार सटकली आणि वरच्या पुढच्या डाव्या दाताचा कोपरा टचकन उडाला. दुकानात गिऱ्हाईक उभं, तोंड उघडायची लाज. जवळच्याच एका दवाखान्यात गेलो. पंधरा मिनिटांत काम आटोपलं. दाताच्या रंगाचा लगदा लावला, निळा लाइट मारला, मशीन एकदा फिरवली, गुळणी करा म्हणाले आणि हातात आरसा दिला. "बघा काका, कसं चमकतंय!"

चमकत होतं. ओलं होतं ना! कानशीनं घासलेली वाटीसुद्धा पाण्यातून काढल्या काढल्या चमकते. गिऱ्हाइकाला वस्तू पुसून, कोरडी करून दाखवायची, ओली दाखवणं म्हणजे फसवणूक, हे मला नानांनी चौदाव्या वर्षी शिकवलं होतं. आणि मी स्वतःच ओल्यावर फसलो. 1200 रुपये देऊन जिना उतरलो तेव्हाच जिभेला खरखर लागत होती. जिभेला सगळं कळतं, डोळ्यांच्या आधी. परत वर गेलो तर उत्तर मिळालं, "होईल सवय."

सवय झाली, पण रंग बदलत गेला. मी दिवसाला सात-आठ कप चहा पितो, ते कबूल करतो. संक्रांतीपर्यंत फिलिंग पिवळट झालं, होळीपर्यंत तपकिरी. दात आणि फिलिंग जिथे मिळतं तिथे तर पेन्सिलीनं ओढल्यासारखी रेघ. भाचीच्या लग्नात फोटो काढताना तिनंच हळूच विचारलं, "मामा, दाताला काय लागलंय?" तेव्हापासून मी फोटोत ओठ मिटून हसतो.

यानंतर मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण बाकीच्यांनी करू नये म्हणून लिहितो. आधी कोळशाची काळी पावडर आणली. मग कोणीतरी सांगितलं म्हणून खाण्याचा सोडा आणि लिंबू. पहिले दोन दिवस उजळल्यासारखं वाटलं, मग डाग पहिल्यापेक्षा गडद. आता दुकानात कोणी राखेनं घासलेलं चांदीचं ताट आणलं तर मी त्याला अर्धा तास ऐकवतो, की बाबा, रेघा पडतात आणि त्या रेघांत काळं जाऊन बसतं. तेच मी स्वतःच्या दातावर महिनाभर करत होतो. लिंबानं चांगल्या दाताचं वरचं कवच झिजतं ते वेगळंच.

शेवटी या जूनमध्ये पोरीनं गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात नंबर लावला. तिसरा मजला, खाली मेडिकल, गाडी लावायला जागा नाही. चाळीस मिनिटं बसवलं. मी वैतागूनच आत गेलो.

डॉक्टरीणबाई तिशीतल्या. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर हवेचा फवारा मारून दात कोरडा केला. "ओलं असताना डाग लपतो, काका." माझा निम्मा वैताग तिथेच उतरला. मग दिवा तिरका धरून बघितलं, टोकदार सळई सांध्यावरून हलकेच फिरवली. ती एके ठिकाणी अडली, मलाही जाणवलं. त्या जागेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या की नवीन फिलिंग करायची घाई नको, आधी डाग कुठे आहे ते बघू. वरच्या वर बसलेला डाग पॉलिशनं जातो. सांध्यावरची रेघ कधी नुसती बाहेर आलेल्या जास्तीच्या फिलिंगखाली साचलेला मळ असते, तीही घासून जाते. पण सांधा आतून सुटला असेल तर तेवढं उकरून पुन्हा भरावं लागतं. आणि रंग अंगातच मुरला असेल तर पॉलिशनं काही होत नाही, वरचा थर काढून नवीन चढवावा लागतो. दात पांढरे करायचं जेल लावू का, असं मी विचारलं. त्यानं दात उजळेल, फिलिंग आहे त्या रंगाचं राहील, म्हणजे डाग आणखी उठून दिसेल, असं उत्तर मिळालं. ते जेल विकून त्यांना चार पैसे जास्त मिळाले असते, हेही माझ्या लक्षात आलं.

मग मी विचारलं की हा लगदा असतो तरी कशाचा. राळ आणि काचेची पूड, त्या म्हणाल्या. राळ म्हटल्यावर मला आपल्या घरचं काही निघाल्यासारखं वाटलं, कारण ठोकाईच्या कामात ताटाखाली राळच भरतात. ही राळ अर्थात कारखान्यातली, निळ्या उजेडानं कडक होणारी. तिच्यात काचेचे, सिलिकाचे अतिशय बारीक कण कालवलेले असतात. चांदी एकजिनसी. तिच्यावर अकीकची ओपणी, म्हणजे गुळगुळीत दगडाचं हत्यार, दाबून फिरवली की धातू दबतो, सरकतो आणि चमक आपोआप वर येते. फिलिंगचं तसं नाही. ते मोझॅकच्या फरशीसारखं आहे. जुन्या वाड्यात मोझॅक टाकायचे तेव्हाचं आठवा, पाणी सोडून मशीन फिरवायचे. चिप्स कडक, मधलं सिमेंट मऊ. घासायचा दगड नरम निघाला तर सिमेंट झिजतं आणि चिप्स वर उठून बसतात. फरशी पायाला टोचते. इथे तसंच. म्हणून घासायला अॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा हिऱ्याची पूड लागते, काचेपेक्षा कडक, म्हणजे कण आणि राळ दोन्ही सारखे कापले जातात. जुन्या फिलिंगमध्ये कण मोठे असायचे, एखादा निखळला की खड्डा. आताच्या चांगल्या मालात ते इतके बारीक असतात की चमक जास्त दिवस टिकते.

आणि पहिल्या दवाखान्यात काय चुकलं तेही इथेच कळलं. हवेतला ऑक्सिजन लागला की राळेचा अगदी वरचा थर नीट कडक होत नाही, चिकट राहतो. तो घासून काढावाच लागतो. नाहीतर चहाचा रंग प्यायला तो तयारच असतो. काही डॉक्टर वर पारदर्शक पट्टी दाबून लाइट मारतात. त्यानं काचेसारखा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो, पण तिथेही वर निव्वळ राळ येते, कण खाली राहतात. मऊ राळ, लवकर झिजणार, लवकर डागाळणार. म्हणजे गुळगुळीत दिसलं तरी ते घासून मग पॉलिश करायचं. हे ऐकून मी खरोखर चकित झालो. आमच्याकडे गुळगुळीत आलेल्या वस्तूला कोणी पुन्हा घासायचा कागद लावत नाही.

आता प्रत्यक्ष काम. आधी लाल पट्टीची हिऱ्याची सुई, मग पिवळ्या पट्टीची. लाल बारीक, पिवळी त्याहून बारीक. यांनी आकार आला, बाहेर आलेली कड गेली. मग चकत्या. शर्टाच्या बटणाएवढ्या पातळ चकत्या, चार वेगवेगळ्या नंबरच्या, जाडसर ते अगदी तलम. गडद रंगाची चकती जाड दाण्याची, रंग फिका होत जाईल तसा दाणा बारीक. मी खुर्चीत आडवा, तोंड उघडं, आणि डोळे मात्र त्या ट्रेवर. एक चकती झाली की पाण्याचा फवारा, हवा, बघायचं, मगच पुढची. मध्ये एकदा थांबल्यावर मी विचारलं, "प्रत्येक वेळी धुता कशाला?" त्या म्हणाल्या, "आधीच्या चकतीचा एक कण राहिला तर पुढची चकती त्याच कणानं ओरखडे काढते."

मी हसायला लागलो. त्यांना वाटलं गुदगुल्या झाल्या. नाना आम्हा भावांच्या डोक्यात टपली मारून हेच सांगायचे, हात धू, वस्तू धू, मग पुढचा एमरी कागद घे. जाड चारशे नंबरचा एक दाणा बारीक बाराशेच्या कागदाखाली गेला की अख्खी दुपार वाया. आणि पायरी गाळायची नाही. चारशेवरून थेट बफवर गेलात तर वस्तू चमकते, पण उन्हात धरली की चमकीच्या खाली रेघा दिसतात. "काका, तुम्ही करता काय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं. "मग तुम्हाला काय समजवायचं," म्हणाल्या आणि नंतर उलट जास्तच सांगत बसल्या.

हात किती हलका होता हे सांगायला हवं. चकती टेकवायची, उचलायची, टेकवायची, उचलायची. दाबून धरली तर गरम होतं. खाली जिवंत नस आहे आणि राळही तापून फासली जाते. बफवर चांदीची पातळ वाटी दाबून धरली की बोटांना चटका बसतो आणि कडा उडते, ते मी भोगलंय. चकत्या झाल्यावर दोन दातांच्या फटीत एमरीसारखी पट्टी ओढली, मागे-पुढे, जोड्यावर पॉलिशचं फडकं ओढतात तशी. मग हिऱ्याची पूड मुरवलेला रबराचा कप. शेवटी नमद्याच्या चाकावर थोडी पेस्ट. माझ्या घड्याळात एकवीस मिनिटं. पहिल्याकडे अख्खं फिलिंग पंधरा मिनिटांत झालं होतं.

एवढं करून किती गुळगुळीत व्हायला हवं? आकडा मला पाठ झालाय, 0.2 मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाचा पाचवा हिस्सा. सरासरी खडबडीतपणा याच्या खाली गेला की दातावर जंतूंचा चिकट थर बसण्यात आणखी फरक पडत नाही, याच्या वर गेला की तो जास्त बसायला लागतो. तो थर रंग धरतो, हिरडीही सुजवतो. म्हणजे पॉलिश हे नुसतं दिसण्यासाठी नाही. मी इतकी वर्षं पॉलिश विकतोय, पण माझ्या पॉलिशवर कोणाची हिरडी अवलंबून नव्हती.

पॉलिशनंतर दात पुन्हा कोरडा केला आणि मग आरसा दिला. कोरडा! तपकिरी रंग जवळजवळ सगळा गेला होता. हिरडीकडच्या अंगाला सांध्यावर अर्ध्या तांदळाएवढी रेघ मात्र तशीच. तिथेच सळई अडली होती. ही आतून सुटलीय, म्हणाल्या. फिलिंग कडक होताना थोडं आकसतं आणि दाताशी पकड नीट नसेल तर तिथे फट पडते, तिच्यातून चहा शिरतो. तेवढाच भाग उकरला. पकड बसावी म्हणून एक वेगळं जेल लावून धुतलं, बाँड म्हणजे चिकटवायचा द्रव लावला, नवीन लगदा, लाइट. आणि मग एक गंमत. वर ग्लिसरीनचं जेल फासून पुन्हा लाइट मारला. हवा लागू नये म्हणून. म्हणजे वरचा थरही कडक होतो, चिकट राहत नाही. दोन मिनिटांचं काम, पण कारण माहीत असलेल्यालाच सुचणार.

त्या नवीन तुकड्याचं शेवटचं पॉलिश दुसऱ्या दिवशी. लाइट बंद केल्यावरही फिलिंग आतून दिवसभर थोडं थोडं कडक होत राहतं, म्हणून त्या थांबतात. त्याच बैठकीत पॉलिश करणारे बरेच असतात आणि तेही चालतं, हे त्यांनीच सांगितलं. मला मात्र दुसरी खेप पडली, दुकान अर्धा दिवस बंद, पुन्हा गाडी लावायला जागा नाही. ही तक्रार समजा.

तोवर चहा नाही, कॉफी नाही, हळद नाही. आता सांगा, आपल्याकडे हळदीशिवाय काय खायचं? सौ.नं दहीभात केला, फोडणीत हळद न घालता, आणि वर मलाच ऐकवलं की तुमच्या दातापायी घरात पथ्याचं जेवण. संध्याकाळी शेजारच्या दुकानातून मिसळ आली. रश्श्याचा वास घेत मी बाकावर बसून राहिलो. डागांच्या बाबतीत हळद महा चिवट. कपड्यावर बघतोच आपण. चहाबद्दल मात्र मला थोडा दिलासा मिळाला. चहाचा रंग बहुतेक वर वर बसतो, ब्रशनं बराच निघतो. कॉफीचा पिवळा रंग राळेच्या आतही शिरतो. वाइनबद्दल मी विचारलं नव्हतं, पण नाशिकमध्ये विचारावं लागत नाही, समोरचा आपणहून सांगतो. तिच्यातल्या अल्कोहोलनं राळ थोडी मऊ पडते आणि मग रंग आणखी सहज धरते. मी पीत नाही, आमचे व्याही पितात, त्यांना कळवलंय.

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत पॉलिश झालं. दुरुस्ती आणि पॉलिश मिळून 1800 रुपये. पहिल्या 1200 मध्ये हे झालं असतं तर 1800 वाचले असते, हे गणित मी सौ.समोर मांडलं नाही. पावतीवर नुसतं 'दुरुस्ती' लिहिलंय, त्याबद्दल मी अर्धा तारा कापतो. एकवीस मिनिटं घालवलीत तर 'पॉलिश' असं स्वच्छ लिहा की! न लिहिल्यामुळेच लोकांना वाटतं की ते फुकटचं, केलं काय आणि नाही काय.

घरी आल्यावर पोरीला कामाला लावलं. माझ्याकडे दागिन्याचे शिक्के बघायचं दहा पटीचं भिंग आहे. ते मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून तिनं दाताचा फोटो काढला. काम व्हायच्या आधीही तिच्याकडून एक काढून घेतला होता. आधीच्या फोटोत फिलिंग म्हणजे नांगरलेलं शेत, रेघाच रेघा आणि त्यांत तपकिरी माती. त्यातल्या काही रेघा पहिल्या डॉक्टरांच्या मशीनच्या, बाकीच्या आडव्या माझ्या कोळशाच्या. नंतरच्या फोटोत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलंय, सरळ. सांधा कुठे आहे ते मला शोधावं लागलं.

आज चार महिने झाले. खरं तेच लिहितो, पहिल्या आठवड्याची चमक आता तेवढी नाही. शेजारचा दात आणि फिलिंग दोन्ही कोरडे केले तर फिलिंग एक पायरी फिकं चमकतं. रोजच्या ब्रशनं थोडं झिजणारच, वापरातलं तबक आणि कपाटातलं तबक यांत फरक असतोच. रेघ परत आलेली नाही. रंग आहे तसा आहे, चहा सातवरून पाचवर आणलाय. मऊ ब्रश वापरतो, 'व्हाइटनिंग' लिहिलेली पेस्ट बंद, कारण त्यांतल्या काहींत खरवडणारी पूड जास्त असते. जिभेला काही लागत नाही, आणि माझ्या लेखी परीक्षा तीच. वर्षातून एकदा येऊन पुन्हा पॉलिश करून घ्या, 500 पडतील, असं सांगितलंय. पोरगी म्हणते लुटतात. मी म्हटलं, आपण समईला दरवर्षी पैसे घेत नाही का?

गॅरंटी मात्र त्यांनी दिली नाही, फिलिंगचीही नाही आणि रंगाचीही नाही. मला ते खटकलं आणि पटलंही. पाचपैकी चार तारे. अर्धा पावतीचा गेला, अर्धा त्या चाळीस मिनिटांचा. लिफ्टचं काही कापत नाही, ती सोसायटीची आहे, आणि दोन्ही वेळा बंद होती.

मागची खालची दाढही पहिल्याच दवाखान्यात भरलेली आहे. दोरा घालून बघितलं तर तिथे दोरा अडतो आणि फाटतो, म्हणजे तिथेही कड तशीच सोडलेली. तिचा नंबर भाऊबीजेनंतरच्या सोमवारचा घेतलाय. तोवर दुकानात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे समया.